पुरवणी

(कुरखेडा येथे गुरुजींच्या स्मृतिदिनानिमित्त दिलेले व्याख्यान)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्या आपल्या गुरुजींनी हयातीत एकही व्याख्यान दिले नाही. शाळा सुटली आणि दिवेलागण झाली की ते ओसरीवर कंदील ठेवून बसत, आणि गावचा कोणी ना कोणी इसम हाती कागद घेऊन त्यांच्यापुढे उभा राही. कोणाजवळ तलाठ्याची नोटीस, कोणाजवळ सावकाराची पावती, कोणाजवळ परगावी राहिलेल्या मुलाचे पत्र. गुरुजी तो कागद एकवार मनात वाचीत, एकवार मोठ्याने वाचीत, आणि नंतर ज्याचा कागद त्याच्याच तोंडून त्यातला मतलब वदवून घेत. तो बिनचूक सांगेपर्यंत कागद परत मिळत नसे. या माणसाच्या नावाने बोलायचे तर कागदाविषयीच बोलावे, आणि तेही अशा कागदाविषयी की जो हाती घेताना शहाण्या माणसाचाही हात कापतो, असे ठरवून मी आजचा विषय निवडला. घरात कर्करोगाचा रुग्ण असता त्याच्यासाठी पूरक आरोग्यविमा घ्यावा काय, आणि घ्यायचा झाल्यास तो कसा पारखावा, हा तो विषय होय.

व्याख्यानाला मी ‘पुरवणी’ हे नाव दिले आहे. गुरुजींच्या हाताखाली परीक्षा दिलेल्यांना त्याचे कारण सांगावे लागणार नाही. वर्गात कोणी पुरवणी मागितली की गुरुजी बाकापाशी येत, मूळ उत्तरपत्रिका हातात घेत, शेवटच्या पानापर्यंत उलटीत, आणि मध्ये एखादे पान कोरे आढळले की त्यावर बोट ठेवून म्हणत, “आधी हे भर.” मी स्वतः दोनदा असा पकडला गेलो. पाने भरलेली असली म्हणजे मात्र ते खिशातून पांढरा दोरा काढून पुरवणी स्वतःच्या हाताने बांधून देत. मूळ पत्रिका कोरी आणि पुरवणीसाठी मात्र हात वर, अशी आपल्यापैकी पुष्कळांची, विशेषतः दुखण्याने घाबरलेल्या कुटुंबांची, गत होते. माझीही झाली, आणि ती कशी झाली हे आज चारचौघांत कबूल करण्यासाठी मी येथे उभा आहे.

प्रथम विम्याचा स्वभाव पाहू. दप्तर, दाखला, मुदत, जामीन या आपल्या कचेरीतल्या शब्दांप्रमाणे ‘विमा’ हा शब्दही फारसीच्या वाटेने आपल्याकडे आला, आणि त्या भाषेत ‘बीम’ म्हणजे भय. भय आणि प्रत्यक्ष आपत्ती यांच्यामध्ये जे अंतर असते, तेवढ्या अंतरातच विम्याचा व्यवहार चालतो. ज्याला आजार झालेला नाही पण होईल अशी भीती आहे, अशा पुष्कळांनी थोडेथोडे द्यावे आणि ज्याच्यावर प्रसंग येईल त्याने त्यातून घ्यावे, इतकाच हा हिशेब आहे. आपत्ती उंबरठ्याच्या आत आली की अंतर उरत नाही, आणि अंतर उरले नाही की विमा उतरवणाऱ्याचा उत्साहही उरत नाही. यात कंपनीच्या दुष्टपणाचा भाग कमी आणि अंकगणिताचा अधिक.

हे अंकगणित आपल्या विदर्भातल्या शेतकऱ्याला फार सुबोध रीतीने समजावून देणारा एक प्रयोग होऊन गेला. डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये सेवाग्राम येथे वैद्यकीय महाविद्यालय स्थापन केले. तेथील कस्तुरबा रुग्णालयाने पुढे सत्तरच्या दशकाच्या अखेरीस आसपासच्या खेड्यांसाठी आरोग्यविम्याची योजना चालवली, आणि तीत हप्ता ज्वारीच्या रूपाने घेतला जाई. डॉ. उल्हास जाजू यांचे नाव या कार्याशी निगडित आहे. सुगीच्या दिवसांत खळ्यावर धान्य असते तेव्हाच वर्गणी गोळा करावी. ज्याची शेती मोठी त्याने अधिक द्यावे, भूमिहीनाने थोडे द्यावे, परंतु गावातील निदान तीन-चतुर्थांश कुटुंबे सामील झाल्यावाचून त्या गावाला योजनेत घेऊ नये, असे तिचे नियम होते. या शेवटच्या नियमातच विम्याचे सारे मर्म आहे, कारण केवळ आजारी तेवढेच सामील झाले तर कोठी पहिल्याच महिन्यात रिकामी होईल. विम्याच्या कंपन्या आजाऱ्याला दारात थांबवितात ते याच भयाने. सेवाग्रामने मात्र निरोगी शेजाऱ्याला आत ओढून तेच भय निवारले.

आपल्या देशात आरोग्याची सर्वसामान्य पॉलिसी, जिला लोक आजही ‘मेडिक्लेम’ म्हणतात, ती १९८६ मध्ये सरकारी विमा कंपन्यांनी सुरू केली. आणि पूर्वीपासून असलेल्या आजाराला इतक्या मुदतीपर्यंत संरक्षण नाही, ही शर्त आज अशा बहुतेक पॉलिस्यांत असते. ही मुदत पूर्वी ४८ महिन्यांपर्यंत असू शके. विमा नियामक प्राधिकरणाने १ एप्रिल २०२४ पासून तिची कमाल मर्यादा ३६ महिने केली. खेरीज अपघात वगळता कोणत्याही नव्या आजारासाठी पहिले ३० दिवस कोरे जातात. ज्याला आज कर्करोग आहे त्याला कंपनीने सर्व काही जाणून पॉलिसी दिली, तरी त्या आजाराचा खर्च ती तीन वर्षांपर्यंत नाकारू शकते. आणि कर्करोगाच्या उपचाराचा मोठा भाग बहुधा पहिल्या वर्ष-दीड वर्षातच होतो. या दोन मुदती शेजारीशेजारी लिहून पाहणारा माणूस फसण्याचा संभव कमी. मी त्या लिहून पाहिल्या नाहीत.

तीन वर्षांपूर्वी भाऊबीजेला थोरल्या बहिणीकडे गेलो होतो. ओवाळून झाल्यावर तिने माझ्या ताटात लाडू वाढले, स्वतः मात्र दूधभात कुस्करून घेतला, आणि तिखट झोंबते म्हणून हसण्यावारी नेले. तोंड उघडून दाखव म्हटले तर दोन बोटेही शिरत नव्हती. उजव्या गालाच्या आत पांढरट चट्टा आणि त्याच्या कडेला न भरलेली जखम होती. ज्या खर्र्याने ही दशा केली तो आपल्या मुलखात कोणाला ठाऊक नाही? पानठेल्यावर सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या पन्नीत घालून घोटतात तो आवाज हाच आपल्या गावांचा पहाटेचा आणि तिन्हीसांजेचा आवाज झाला आहे. रोवणीच्या दिवसांत चिखलात वाकून वाकून भूक मारण्यासाठी तिने तो सुरू केला आणि तीस वर्षे तो तिच्या गालात राहिला.

आधी गडचिरोली, मग नागपूर असे करून गालाचा तुकडा तपासणीला गेला आणि अहवाल येण्यास आठ दिवस लागतील असे कळले. त्या आठ दिवसांत मी काय केले? मी महसूल खात्यात नोकरी केली, अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालो, हजारो अर्ज तपासले, अपुऱ्या अर्जांवर त्रुटी काढल्या. आणि घरावर वेळ आली तेव्हा ओळखीच्या एका विमा प्रतिनिधीकडे धावलो. तो गृहस्थ स्वभावाने वाईट नव्हता. अहवाल हाती येण्याआधीची तारीख घालू, म्हणजे सारे निभावेल, असे त्याने आपुलकीने सांगितले, आणि प्रस्तावपत्रक बहिणीच्याच ओसरीवर माझ्यापुढे ठेवले. गाठ, न भरणारी जखम, सुरू असलेली तपासणी, यांविषयीच्या प्रत्येक प्रश्नापुढे ‘नाही’ या चौकटीत त्याने पेन्सिलीने बारीक खूण करून ठेवली होती. मी ती शाईने गिरवायची एवढेच बाकी होते. पेनचे टोपण मी काढले. चुलीपाशी बसलेल्या बहिणीने तेथूनच विचारले, काय लिहितोस? मी सांगितले. तेव्हा जबडा फारसा न हलवता ती म्हणाली, “लपवून का होते, भाऊ? तोंड उघडलो का दिसतेच ना.”

विम्याच्या कायद्यात ज्याला परम सद्भाव म्हणतात, म्हणजे विमा घेणाऱ्याने मागितलेली माहिती हातचे काही न राखता सांगितली पाहिजे असे जे तत्त्व आहे, त्यावरचे इतके आटोपशीर भाष्य मी कोणत्याही ग्रंथात वाचलेले नाही. रुग्णालयाच्या केसपेपरवर पहिल्या तपासणीची तारीख असते, दुखणे कधीपासून हा प्रश्न डॉक्टर पहिल्याच भेटीत विचारतो आणि उत्तर लिहून ठेवतो. दावा दाखल होताच कंपनी तेच कागद मागवते. सलग पाच वर्षे पॉलिसी चालल्यावर माहिती दडवली या सबबीवर दावा नाकारता येत नाही असा नियम आता आहे, पूर्वी ही मुदत आठ वर्षांची होती. पण सिद्ध झालेल्या लबाडीला त्या नियमातही माफी नाही. पेन्सिलीच्या खुणेवर शाई फिरवली असती तर हप्ता गेला असता, दावा बुडाला असता, आणि आजारी माणसाच्या माथी खोटेपणाचा शेरा बसला असता.

अहवाल जो यायचा तोच आला. नागपूरच्या रुग्णालयात नोंदणी करताना सरकारी योजनेच्या आरोग्यमित्राने पहिला प्रश्न विचारला, “कार्ड आणलं का?” मी विमा प्रतिनिधीची रंगीत पत्रके नेली होती, बहिणीचे केशरी रेशनकार्ड कुरखेड्याला लोखंडी पेटीत पडले होते. भाचा रात्रीच्या गाडीने परत गेला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ते घेऊन आला. प्लॅस्टिकच्या पिशवीतून ते कार्ड मी बाहेर काढले तेव्हा त्यावर आमच्याच पुरवठा शाखेचा शिक्का आणि शिक्क्याच्या कोपऱ्यात माझीच आद्याक्षरे होती. सज्जनहो, पुरवठा शाखेत बसून आयुष्यभर लोकांना मूळ पत्रिका वाटणारा मी, स्वतःच्या बहिणीसाठी पुरवणी मागत हिंडत होतो.

म्हणून प्रथम मूळ पत्रिका. राज्याची जी योजना पूर्वी राजीव गांधींच्या नावाने आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाते, ती २ जुलै २०१२ रोजी ज्या आठ जिल्ह्यांत प्रथम सुरू झाली त्यांत आपला गडचिरोली जिल्हा होता. उरलेल्या महाराष्ट्राला ती नोव्हेंबर २०१३ मध्ये मिळाली. चांगल्या गोष्टीत आपला जिल्हा पहिल्या पंगतीला बसला असे प्रसंग थोडे, म्हणून हा मुद्दाम लक्षात ठेवावा. तेव्हा मर्यादा कुटुंबाला वर्षाकाठी दीड लाख रुपयांची आणि लाभ पिवळ्या-केशरी कार्डांपुरता होता. जुलै २०२३ च्या शासननिर्णयाने ती मर्यादा पाच लाखांवर गेली आणि शुभ्र कार्डधारकांसह सर्व कुटुंबांना योजना खुली झाली. कर्करोगाची शस्त्रक्रिया, किमो आणि लोक ज्याला ‘शेक’ म्हणतात ती किरणचिकित्सा, ही तिन्ही तिच्या यादीत आहेत. मात्र उपचार यादीतला हवा, रुग्णालय अंगीकृत हवे, आणि मंजुरी उपचाराआधी हवी. ज्या खिडकीवर आपण पैसे भरण्यासाठी रांग लावतो तिच्याआधी आरोग्यमित्राचे टेबल गाठावे, हा या साऱ्या माहितीचा व्यवहारातला अर्थ.

कार्डाविषयी पुरवठा शाखेतल्या जुन्या माणसाचे दोन शब्द ऐका. सून आली तरी नाव चढवलेले नसते, म्हातारा गेला तरी नाव कमी केलेले नसते. कार्डावर ‘सुमन’ आणि आधारवर ‘सुमनबाई’ असते. बारा अंकी क्रमांक संगणकावर चढला आहे किंवा नाही हे कोणी पाहिलेले नसते. ही दुरुस्ती तहसिलीत धडधाकट माणसाने सवडीने करावयाची असते. रुग्ण खाटेवर असताना तीच गोष्ट केवढी जड होते हे मी माझ्या भाच्याच्या तोंडावर पाहिले.

मूळ पत्रिकेची आणखीही पाने आहेत. सत्तरी ओलांडलेल्या प्रत्येक व्यक्तीला, उत्पन्न कितीही असो, केंद्राच्या आयुष्मान योजनेखाली २९ ऑक्टोबर २०२४ पासून वयवंदना कार्ड मिळू लागले असून कुटुंब आधीच त्या योजनेत असेल तर वृद्धांचे पाच लाख त्याहून वेगळे आहेत. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक खाली, मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार, धर्मादाय रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीने राखाव्या लागतात. आपली मुले पुण्याला, नागपूरला, बुटीबोरीच्या कारखान्यांत गेली आहेत. त्यांच्यापैकी ज्याचा मासिक पगार २१,००० रुपयांच्या आत आहे आणि पगारातून कर्मचारी राज्य विम्याची वर्गणी कापली जाते, त्याच्या अवलंबित आईबापांनाही वैद्यकीय मदतीचा हक्क पोचतो. आणि ज्या मुलाला मोठ्या कंपनीचा सामूहिक विमा आहे, त्याने त्यात आईवडिलांचे नाव घालण्याची सोय आहे काय हे आजच विचारावे, कारण अशा पुष्कळ सामूहिक पॉलिस्यांत जुन्या आजारालाही पहिल्या दिवसापासून संरक्षण असते. कर्करोग झालेल्या माणसासाठी बाजारात विकत न मिळणारी वस्तू येथे कधीकधी केवळ एक नाव चढवल्याने मिळते. नाव घालण्याची संधी मात्र बहुधा वर्षातून एकदाच येते, आणि नोकरी सुटली की ते छत्र जाते, हे ध्यानात ठेवावे.

ही पाने भरून झाल्यावर पुरवणीचा विचार. बाजारात ती चार तऱ्हांची मिळते. पहिली टॉप-अप आणि तिची थोरली बहीण सुपर टॉप-अप. समजा, उंबरठा, म्हणजे ज्या रकमेच्या वरचाच खर्च ही पॉलिसी देते ती रक्कम, पाच लाखांचा ठरला आहे आणि वर्षात अडीच-अडीच लाखांची तीन बिले झाली. साधी टॉप-अप प्रत्येक बिल वेगळे मोजते, एकही पाच लाखांवर जात नाही, म्हणून ती एक पैसाही देत नाही. सुपर टॉप-अप तिन्हींची बेरीज साडेसात लाख धरते आणि वरचे अडीच लाख देते. कर्करोगाची बिले किमोच्या फेऱ्यांप्रमाणे तुकड्यातुकड्यांनी येत असल्यामुळे घ्यायचीच तर सुपर टॉप-अप घ्यावी. परंतु तिलाही जुन्या आजाराची मुदत असतेच. आणि फुले योजनेत झालेल्या उपचाराचे बिल रुग्णाच्या हाती येत नसता तो खर्च उंबरठ्याच्या हिशेबात धरणार काय, याचे उत्तर कंपनीकडून आधी लेखी घ्यावे.

दुसरी तऱ्हा म्हणजे निदान होताच ठरलेली रक्कम एकदम देणारी कर्करोग पॉलिसी. हिचा गुण मोठा आहे, कारण ती रक्कम औषधाला लावा, गाडीभाड्याला लावा किंवा बुडालेल्या मजुरीला लावा, कंपनी विचारत नाही. पण ती ज्याला कर्करोग झालेला नाही त्याच्यासाठीच असते, आणि अशा अनेक पॉलिस्यांत पहिले १८० दिवस निरोगी जावे लागतात. तिसरी, रुग्णालयात काढलेल्या प्रत्येक दिवसाला ठराविक रोख देणारी. शेक घेणारा रुग्ण रोज जाऊन येतो, भरती होत नाही, मग त्याचे दिवस तीत मोजले जात नाहीत. चौथी, कर्करोग झालेल्यांसाठीच काढलेली. अशी पॉलिसी काही कंपन्या देतात, परंतु तिच्यात मूळ आजाराला काय मिळते आणि हृदय, हाड, मूत्रपिंड अशा इतर दुखण्यांना काय मिळते, ही दोन उत्तरे वेगवेगळी असतात, आणि प्रतिनिधी बोलताना ती एकत्र करतो.

कोणतीही घ्या, कागद शेवटच्या पानाकडून वाचावा, कारण रक्कम पहिल्या पानावर आणि शर्ती मागे असतात. तीन लाखांच्या पॉलिसीत खोलीभाडे एक टक्का म्हणजे रोजचे तीन हजार ठरले असेल आणि आपण सहा हजारांची खोली घेतली, तर केवळ भाड्यातलाच फरक कापला जात नाही. डॉक्टरांची फी, शस्त्रक्रियागृहाचे शुल्क अशा बाबीही त्याच प्रमाणात निम्म्या होऊ शकतात. को-पेमेंट, म्हणजे प्रत्येक बिलातला आपला वाटा, किती टक्के? भरती न होता घेतलेली किमो, तोंडाने घ्यावयाच्या गोळ्या, इम्युनोथेरपी यांना मर्यादा किती? रोखविरहित सोय असलेले जवळचे रुग्णालय कोणते? कुरखेड्याच्या माणसाला हैदराबाद-मुंबईच्या चकचकीत यादीचा उपयोग नाही. पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांत न पटल्यास परत करता येते, हा हक्क प्रतिनिधी आपण होऊन क्वचितच सांगतो. आणि दावा अन्यायाने नाकारला गेला तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, महिन्यात समाधान न झाल्यास विमा लोकपाल. तेथे फी नाही आणि वकिलाचीही गरज नाही.

मग घ्यावी की न घ्यावी? हप्ता वर्षाला वीस हजार असेल आणि मूळ आजाराचे दार तीन वर्षांनी उघडणार असेल, तर उघडण्यापूर्वीच साठ हजार गेले. तेच साठ हजार पोस्टात राहिले असते तर पहिल्या महिन्यापासून उपयोगी पडते. उलट त्या तीन वर्षांत मांडीचे हाड मोडले किंवा हृदय बिघडले तर पोस्टातले साठ हजार पुरणार नाहीत आणि पॉलिसी पुरेल. दोन्ही बाजू खऱ्या आहेत, आणि ज्याला दुसऱ्या दुखण्याची भीती आहे त्याने पॉलिसीकडे, ज्याच्या घरी रोख मुळीच नाही त्याने पोस्टाकडे झुकावे. एका गोष्टीविषयी मात्र माझ्या मनात संदेह नाही. रुग्णासाठी विमा शोधताना घरातली धडधाकट माणसे विसरली जातात, आणि भय व आपत्ती यांमधले अंतर अजून त्यांच्याच वाट्याला शिल्लक असते. भाचा, सून, नात यांचा विमा आज उतरवावा, आईला कर्करोग आहे हे विचारल्यावर स्पष्ट लिहून उतरवावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून व्यक्ती आणि कुटुंबाच्या आरोग्यविम्यावरचा जीएसटी शून्य झाल्याने हप्त्याचा बोजाही काहीसा उतरला आहे.

आता माझ्या बहिणीच्या घरची एक वही उघडतो. भाच्याने त्या पाच महिन्यांचा खर्च शाळकरी वहीत मांडून ठेवला आहे. शस्त्रक्रिया आणि शेक योजनेत झाले, त्यामुळे त्या सदरात काही नाही. मंजुरीपूर्वीच्या तपासण्या आणि बाहेरून आणलेली औषधे यांना अर्धे पान पुरले. उरलेली तीन पाने गाडीभाडे, खोलीभाडे, खानावळ, आणि ‘मजुरी बुडाली’ या एकाच शब्दजोडीने भरली आहेत. येथून वडसा, ब्रह्मपुरी, नागभीड, उमरेड करीत नागपूर दीडशे किलोमीटरांहून अधिक पडते. नागभीडहून नागपूरला जाणारी छोटी रेल्वेही रुंदीकरणासाठी २०१९ मध्ये बंद झाली. शेक आठवड्यातून पाच दिवस, असे सहा आठवडे. एवढ्या वाटेने रोजचे जाणे-येणे कसे व्हावे? म्हणून आई आणि मुलगा दोघे नागपुरात खोली करून राहिले आणि इकडे उन्हाळी धानाची बांधी पडीत राहिली. रुग्णालयातून घरी परतण्याचे एका वेळचे एस.टी.चे भाडे योजना देते. रुग्णालयात पोचण्याचे देत नाही. या तीन पानांची पॉलिसी रुग्णाला कोणती कंपनी विकते? मी शोधली, मला आढळली नाही.

ही तीन पाने भरणारी पुरवणी गावालाच बांधावी लागेल. हे बोलणे कोणाला स्वप्नरंजन वाटेल. परंतु याच कुरखेड्यात डॉ. सतीश गोगुलवार आणि शुभदा देशमुख यांनी १९८४ मध्ये जी संस्था काढली तिचे नावच ‘आम्ही आमच्या आरोग्यासाठी’ असे आहे, आणि त्या नावातले पहिले दोन शब्द मला तिसऱ्याइतकेच महत्त्वाचे वाटतात. वनहक्क कायद्यानंतर आपल्या जिल्ह्यातल्या अनेक ग्रामसभा तेंदूपत्त्याचा लिलाव स्वतः करू लागल्या. त्यांच्या हिशेबाच्या वह्या आहेत, बँकेत खाती आहेत, भर सभेत खर्च मंजूर करण्याचा रिवाज आहे. सेवाग्रामला जी ज्वारी होती ती आपल्याकडे तेंदू आणि मोह आहे. प्रत्येक घराच्या बोनसातून मुठीएवढी रक्कम वेगळी काढून, शेक घ्यायला जाणाऱ्या रुग्णाचे आणि त्याच्या सोबत्याचे सहा आठवड्यांचे भाडे आणि मुक्काम त्यातून द्यावा, असा एक ठराव करायला कोणत्याही नियामकाची परवानगी लागत नाही. मात्र सेवाग्रामचा तो नियम विसरता कामा नये: तीन-चतुर्थांश घरे हवीत, आणि तीही निरोगी असताना हवीत.

गुरुजींच्या पद्धतीने कागदाचा मतलब वदवून घ्यायचा तर तो आता तुम्ही सांगावयाचा आहे, मी नव्हे. घरी गेल्यावर लोखंडी पेटी उघडा, कार्ड बाहेर काढा, आणि त्यावरची नावे दिव्याखाली मोठ्याने वाचा. कोणाचे राहिले असेल ते सोमवारी तहसिलीत जाऊन चढवा. पुरवणीचे मग पाहू.

बहिणीने आज यावे असा माझा फार आग्रह होता. तोंड अजूनही फारसे उघडत नाही, तिखट अजूनही चालत नाही, खर्रा सुटला आहे. तिने निरोप पाठवला की खळ्यावर धानाचे चुरणे चालू आहे, माणसे मिळत नाहीत, भाषण काय ते छापून आल्यावर भाच्याकडून वाचून घेईन.